ताटाची किंमत

विलायतेत आणि अमेरिकेत धर्मादाय संस्थांची एक वार्षिक रीत आहे. वर्षातून एकदा एखाद्या मोठ्या हॉटेलातील दिवाणखाना घ्यायचा, दिवे-फुले लावायची, आणि जेवायला येणाऱ्या प्रत्येकाकडून ताटाच्या खर्चाच्या कितीतरी पट रक्कम घ्यायची. एखादी पेढी किंवा एखादे श्रीमंत घर आठ-दहा जणांचे टेबलच्या टेबल विकत घेते. जेवणाच्या आगेमागे वस्तूंचा लिलाव होतो, गाणेबजावणे होते, आणि मग एक जण उभा राहून आपली हकीगत सांगतो. खर्च वजा जाता जे उरेल ते संस्थेच्या कामाला. या समारंभाला तिकडे 'गाला' म्हणतात. शाळांसाठी, दवाखान्यांसाठी असे गाला होतात. तसेच दारू आणि गर्द यांच्या तावडीतून सुटू पाहणाऱ्यांसाठी, आणि ज्यांचे माणूस गेले त्यांच्या शोकात सोबत करणाऱ्या संस्थांसाठीही होतात. आपली मुलेबाळे तिकडे नोकरीनिमित्त राहिली आहेत, त्यांनाही अशी बोलावणी येतात. फोनवर ती गावी सांगतात, तेव्हा घरच्या म्हातारीला नवल वाटते. अहो, जेवायचे पैसे द्यायचे, तेही दुसऱ्याच्या दुःखासाठी, आणि वर नटूनथटून जायचे?

नवल वाटण्यात गैर काही नाही. पण हसण्याआधी आपल्या अंगणात पाहावे. आपल्या अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका काढा. त्यात कीर्तनकारांच्या नावांखाली अन्नदात्यांची नावे असतात. पहिल्या दिवसाची पंगत अमक्याची, काल्याची पंगत तमक्याची. ध्वनिक्षेपकावर देणगी आकड्यासकट पुकारतात. अकरा रुपये देणाऱ्याचेही नाव घेतात हे चांगलेच. पण एकावन्न हजारवाल्याचे नाव तीनदा घेतात, हेही आपण सर्वांनी ऐकले आहे. माणूस इथून तिथून एकच, बरं का. देणाऱ्याला थोडा मान हवा असतो. त्याला आम्ही पाप म्हणत नाही. ते पैसे पोराच्या हट्टावर किंवा कोर्टकज्ज्यावर जाण्यापेक्षा पंगतीला गेले हे बरेच झाले. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्याच्या दुःखासाठी पंगत मांडली, तो त्या पंगतीत कोठे बसला आहे?

या प्रश्नावर बोलताना आम्हास एक जुनी मेजवानी आठवते. ती आहे न्यूयॉर्क शहरातली, 1940 सालची. तिची कथा सांगण्यासारखी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बिल विल्सन नावाचा एक गृहस्थ शेअर बाजाराच्या धंद्यात होता. दारूने त्याचा धंदा गेला, पत गेली, इस्पितळाच्या वाऱ्या झाल्या. पुढे एका आध्यात्मिक अनुभवाने त्याची दारू सुटली. परंतु सुटली म्हणजे संपली असे नव्हे. 1935 च्या मे महिन्यात तो कामासाठी ओहायो प्रांतातील अ‍ॅक्रन गावी गेला, काम फसले, आणि हॉटेलच्या ओवरीत एकटा उभा असता दारूच्या गुत्त्यातला हसण्याखिदळण्याचा आवाज त्याला खुणावू लागला. त्या क्षणी त्याच्या मनात आले की आपल्याला आता प्रवचन नको, पैसाही नको. आपल्यासारखाच एखादा दारुडा बोलायला हवा आहे. धर्मोपदेशकांना फोन करता करता त्याची गाठ पडली बॉब स्मिथ नावाच्या शस्त्रवैद्याशी. तोही दारूने पोखरलेला. बिल त्याला उपदेश करायला गेलाच नाही. त्याने स्वतःची कर्मकथा सांगितली. ऐकणाऱ्याला प्रथमच असे वाटले की हा माणूस माझ्याच भाषेत बोलतो आहे. डॉक्टर बॉब यांनी शेवटचा घोट घेतला त्याची तारीख 10 जून 1935 धरतात, आणि तोच 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या मंडळाचा स्थापनादिन मानतात. एका पाप्याने दुसऱ्या पाप्याला दिलेली ती भेट. आपल्याकडे उराउरी भेटतात, एकमेकांच्या पाया पडतात, तसलेच काहीसे तिथे घडले म्हणा.

दोन वर्षांत चाळीसएक माणसे सावरली. मग बिलच्या मनात मोठे बेत आले. इस्पितळे काढावीत, पगारी प्रचारक नेमावेत, पुस्तक छापावे. त्यासाठी धन हवे. ओळखीतून धागा लागत लागत मंडळी पोचली जॉन रॉकफेलर (धाकटे) यांच्यापर्यंत, म्हणजे त्या काळच्या कुबेराच्या दारात. पन्नास हजार डॉलरची मागणी पुढे होती. रॉकफेलर यांना काम मनापासून आवडले, पण त्यांनी 1938 साली दिले ते पाच हजार. पैसा जास्त झाला तर या कामाचा नाश होईल, अशी त्यांची धारणा होती.

त्यानंतर 8 फेब्रुवारी 1940 रोजी त्यांनी न्यूयॉर्कच्या युनियन क्लबात या मंडळासाठी भोजनसमारंभ केला. पंचाहत्तरच्या आसपास पाहुणे आले. त्यांत बँकवाले, पेढीवाले असे मातबर लोक होते. तेथले अन्न आपल्या माळकऱ्यांच्या पंगतीतले नव्हते हे सांगायला नको. ते सोडून देऊ. बसण्याची व्यवस्था मात्र ध्यानात घेण्याजोगी होती. प्रत्येक टेबलावर धनिकांच्या मध्ये एकेक सावरलेला दारुडा बसवला होता. एका वृद्ध बँकवाल्याने शेजारच्याला सहज विचारले की आपण कोणत्या संस्थेत असता? तो हसून म्हणाला, सध्या कोणत्याच नाही. नऊ महिन्यांपूर्वी मात्र वेड्यांच्या इस्पितळात होतो. म्हणजे पाहा, दुःखाचे नाव घेऊन जेवणारे आणि दुःख भोगलेला एकाच टेबलाशी बसले होते. आम्ही वर जो प्रश्न केला त्याला त्या रात्री उत्तर मिळाले होते.

रॉकफेलर स्वतः आजारी असल्याने त्यांचे पुत्र नेल्सन यांनी यजमानपद सांभाळले. एक नामांकित धर्मोपदेशक बोलले, एक मेंदूचे वैद्य बोलले, बिल आणि बॉब बोलले. बिलच्या मनात काय चालले असेल याची कल्पना करावी. वर्षापूर्वीच त्याचे राहते घर गेले होते. तो आणि त्याची पत्नी लोइस स्नेह्यासोबत्यांच्या घरी दिवस काढीत होते. समोर अपार संपत्ती बसली आहे. आता शब्द निघाला की थैल्या सुटणार! शेवटी नेल्सन उठले आणि अशा अर्थाचे बोलले की हे काम एका माणसाने दुसऱ्याला बिनमोल निरोप पोचवण्यावर चालते. तेव्हा पैशाच्या बाबतीत याने आपल्या पायांवर उभे राहावे, आपण द्यायची ती सदिच्छा. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, हात मिळवले, आणि सगळे घरोघर गेले.

पुढे रॉकफेलर यांनी एक हजार डॉलर दिले आणि निमंत्रितांना तसे कळवले. मग इतरांनीही त्या मानाने थोडेथोडे दिले. त्या रात्री बिल निराश झाला. परंतु पुढे त्याच मंडळाने बाहेरची देणगी घ्यायचीच नाही असा नेम केला. 1948 साली एका बाईने मृत्युपत्रात ठेवलेले दहा हजार डॉलर त्यांनी नाकारले. 1950 च्या क्लीव्हलँडच्या मेळाव्यात हा नेम इतर नियमांसह सर्वांनी मान्य केला. आजही त्यांच्या सभेत एक टोपी किंवा थाळी फिरते, सभासद आपापले चार पैसे टाकतात, त्यात खोलीचे भाडे आणि चहाचा खर्च भागतो. नवख्याने नाही टाकले तरी कोणी विचारीत नाही.

हे ऐकून आपल्या वारकऱ्याला परके वाटणार नाही. दिंडीत काय असते? ज्याने त्याने आपली भिशी भरायची. सावकार असो की शेतमजूर, भिशी भरली की दोघांच्या पत्रावळीवर तोच भात. ज्याच्यापाशी नाही त्याची भिशी कोणीतरी गुपचूप भरतो, आणि विणेकऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो. उपकाराचे ओझे खांद्यावर नसले म्हणजे माणूस ताठ चालतो. दारूत ज्याने बायकोचे मंगळसूत्रसुद्धा विकले, त्याला जगाकडून फुकट घ्यायची सवय लागलेली असते. त्याला प्रथमच कोणी सांगते की तुझे दोन रुपये या थाळीत पडू देत. आमच्या मते त्याच्या औषधाचा हाही एक भाग आहे.

पण म्हणून देणगी मागणारी प्रत्येक संस्था हीन, असा अर्थ कोणी काढील तर तो चुकेल. दोन माणसांनी बसून बोलायला पैसा लागत नाही. खाट, औषध, परिचारिका, रात्रीचा पहारा यांना लागतो. येथे एक गोष्ट सर्व वाचकांनी, विशेषतः दिंडीच्या चालकांनी, नीट समजून घ्यावी. पुष्कळ वर्षे रोज भरपूर पिणारा माणूस एकादशीचा मुहूर्त साधून एकाएकी बंद करतो, आणि घरचे धन्य होतात. पहिल्या-दुसऱ्या दिवशी हात कापू लागतात. कोणाला फेफऱ्यासारखे झटके येतात. दुसऱ्या-चौथ्या दिवसांत कोणी भ्रमिष्टासारखे बोलू लागतो, नसलेले दिसू लागते. मग घरचे अंगारा लावतात. सज्जनहो, ती बाहेरची बाधा नव्हे. दारूला सरावलेले शरीर दारू तुटल्यावर बंड करते ते हे, आणि यात प्राण जाऊ शकतो. वैद्याच्या देखरेखीखाली औषधे देऊन हे दिवस सुखरूप पार पाडता येतात. माळ अवश्य घाला, पण त्या आठवड्यात डॉक्टरही गाठा. देवाला याचा राग येत नाही.

अशा खाटांसाठी पैसा कसा उभा राहिला याचे आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पुण्याचे आहे. अनिल अवचट यांनी 1980 च्या दशकात गर्द पिणाऱ्या तरुणांवर लेख लिहिले. ते पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या वाचनात आले. दोघे इतके हलले की त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपये देऊ केले आणि काम सुरू करा म्हणून आग्रह धरला. अवचटांच्या पत्नी डॉक्टर सुनंदा या येरवड्याच्या मनोरुग्णालयात होत्या. त्यांनी ते काम शिरावर घेतले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी 'मुक्तांगण' उघडले. लोकांना हसवून जमवलेला पैसा रडणाऱ्या घरांकडे वळवला गेला, हे आम्हास फार मोलाचे वाटते. सुनंदाबाई 1997 साली कर्करोगाने गेल्या, अवचट 2022 साली. मुक्तांगण चालू आहे. तेथे रुग्णाला महिन्याहून थोडा अधिक काळ ठेवतात, बरे झालेले जुने रुग्णच पुष्कळदा नव्यांना सांभाळतात, आणि बायकांसाठी 'सहचरी' नावाची बैठक असते. दारुड्याच्या बायकोलाही दुखणे असते, हे तेथे धरूनच चालतात. बिलच्या पत्नीने, लोइस यांनी, 1951 साली घरच्यांसाठी वेगळे मंडळ सुरू केले तेही याच जाणिवेतून.

मुक्तांगण आहे आळंदी रस्त्यावर. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्यात येते ती याच रस्त्याने. टाळमृदंगाचा गजर त्या भिंतींच्या आत ऐकू जात असेलच. आपल्यापैकी लाखो लोक त्या वाटेने चालून गेले. आत कोणी आपल्या गावचा होता काय, हे किती जणांनी विचारले असेल?

आता शोकाचे बोलू. दारूचे घर आणि शोकाचे घर पुष्कळदा एकच असते. नवरा तिशीत-चाळिशीत जातो, आणि मागे तरुण बाई राहते. लोकांच्या डोळ्यांत तेव्हा दया कमी आणि 'सुटली बिचारी' हे जास्त. तिने रडावे तरी कोणापाशी?

इंग्लंडात 1959 साली मार्गारेट टॉरी या बाईंनी रिचमंड गावी विधवांसाठी एक संस्था काढली. नाव ठेवले 'क्रूज', म्हणजे तेलाची कुपी. बायबलात एक कथा आहे. दुष्काळात एका विधवेपाशी मूठभर पीठ आणि थोडे तेल उरले होते; तिने ते दारी आलेल्या पाहुण्या साधूला वाढले, आणि दुष्काळ सरेपर्यंत पीठ सरले नाही, तेल आटले नाही. द्रौपदीच्या थाळीचा आठव व्हावा अशी कथा. ही संस्था पुढे सर्वच शोकग्रस्तांसाठी खुली झाली. शिकवलेले स्वयंसेवक येऊन बसतात आणि ऐकतात. तसे सोपेच काम वाटते, नाही का? पण शोक झालेल्या माणसापुढे 'जे झाले ते देवाच्या मनात होते' असे न म्हणता घटकाभर गप्प बसणे किती अवघड असते, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

आपल्याकडे तेरावा झाला की लोक समजतात, घर मोकळे झाले. हल्लीच्या मानसवैद्यांनी या गोष्टीला निराळे मोजमाप दिले आहे. फार काळ न ओसरणारा, माणसाला जगण्यातूनच उठवणारा शोक त्यांनी विकारांच्या यादीत घातला; अमेरिकेच्या मानसवैद्यांच्या 2022 च्या ग्रंथात प्रौढांसाठी त्याची मर्यादा किमान एक वर्ष, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत किमान सहा महिने धरली आहे. वर्षाच्या आत रडू येते म्हणून कोणी आजारी नव्हे, असाही त्याचा अर्थ होतो. तेराव्या दिवशी बाईला 'आता पुरे' म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे.

आणि संत शोक करीत नाहीत असे आपल्याला कोणी शिकवले? 1296 साली ज्ञानोबारायांनी समाधी घेतली. त्या सोहळ्याचे नामदेवरायांचे अभंग आपण दरवर्षी कार्तिकात म्हणतो. निवृत्तिनाथ गुरू खरे, ज्ञानी खरे. पण धाकटा भाऊ जाताना त्यांचाही धीर सुटला, हे नामदेवरायांनी झाकले नाही. तुकोबांच्या घरी दुष्काळात बायको गेली, मूल गेले. परंपरा सांगते की पुढे त्यांनी कर्जखतांचे आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडवले. स्वतःच्या शोकातून त्यांना दुसऱ्याच्या गळ्यातला फास दिसला. हे दान पाहा. त्यात पंगत नाही, पत्रिका नाही, पुकारा नाही. आणि कितीतरी घरांच्या चुली त्या दिवशी निर्धास्त पेटल्या असतील.

आमचे आता स्पष्ट बोलणे ऐका, राग मानू नका. दशक्रियेच्या किंवा वर्षश्राद्धाच्या कीर्तनाला आता मोठा मंडप पडतो, मोठ्या बिदागीचा कीर्तनकार येतो, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणे तासभर चालतात. गेलेल्याची आई किंवा बायको आतल्या खोलीत भिंतीला टेकून असते, नाहीतर दोन हजार माणसांच्या स्वयंपाकाचा शिधा मोजत असते. हा आपला 'गाला'. त्यात निधी जमत नाही, उलट कर्ज होते. एकनाथमहाराजांच्या घरची कथा आपण शेकडो वेळा सांगितली आहे. श्राद्धाचा स्वयंपाक तयार होता, त्याचा वास घेऊन दाराशी भुकेली माणसे थांबली, ज्यांना गावाने दूर ठेवले होते ती. आणि नाथांनी पितरांचे अन्न त्यांना वाढले. ब्राह्मण रुसले. कथेतला हा रुसवा आपण हसत ऐकतो; आपल्या घरी मात्र सोयरे रुसतील म्हणून मंडपाचा एक खांब कमी करायचा धीर होत नाही.

मंडपाचे अर्धे पैसे एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या एका रुग्णाच्या खर्चाला गेले, तर गेलेल्याचे नाव तिथे एका संसारात राहील. देताना संस्थेची नोंदणी आहे का, हिशेब तपासला जातो का हे अवश्य पाहावे. सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावे लागतात. तो दाखवा म्हणणे हा अविश्वास नव्हे. आणि गालाचे बोलावणे परदेशी लेकाला आले तर त्याने खुशाल जावे. फक्त त्याने विचारावे की ताटाच्या किमतीतले किती ताटावर जाते आणि किती कामावर; आणि तिथे ज्याने आपली हकीगत सांगितली, त्याच्याजवळ जाऊन दोन शब्द बोलावे. लिलावात वस्तू घेतली नाही तरी चालेल.

पैशावाचून करण्यासारखे जे आहे ते दिंडीचालकांच्या हाती आहे. माळकरी घसरला की पहिल्यांदा माळ काढून खुंटीला लावतो आणि दिंडीतून नाहीसा होतो. लाज वाटते. आपणही म्हणतो, बरे झाले, दिंडीचे नाव राहिले. अ‍ॅक्रनच्या त्या मंडळात घसरलेला परत आला तर त्याला खुर्ची देतात आणि चहा देतात. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागतात. यंदाच्या आषाढीला भिशीची यादी करताना गेल्या दोन-तीन वर्षांत कोणाची नावे गळली ती काढावीत. जो मेला असेल त्याच्या घरी जाऊन त्याच्या माणसांना बोलू द्यावे. जो पितो म्हणून गळला असेल त्याच्याकडे पूर्वी प्यालेला आणि आता सावरलेला एक माळकरी धाडावा. असा एक तरी प्रत्येक गावात असतोच. त्याला विचारले तर तो नाही म्हणणार नाही, कारण असे कोणीतरी आपल्याला विचारावे याचीच तो वाट पाहत असतो. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा विनामूल्य फोन क्रमांक 14446 आहे, आणि मनाच्या दुखण्यासाठी 14416. दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर, भिशीच्या हिशेबाच्या वर लिहून ठेवावेत.